बटणामागची टीका

१

"मराठीच्या प्राध्यापकांनी वायरमनचा धंदा कधीपासून सुरू केला?" असा प्रश्न गेल्या पावसाळ्यात आम्हाला आमच्याच प्राध्यापक-कक्षात विचारण्यात आला. प्रश्न विचारणारे आमचे ज्येष्ठ स्नेही आहेत, त्यामुळे त्यात कुत्सितपणा कमी आणि गंमत जास्त होती. आमच्यासमोर त्या वेळी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याऐवजी एका 'स्मार्ट' डिमरचे माहितीपत्रक पसरलेले होते आणि जिन्याच्या बोर्डात न्यूट्रल तार असते की नसते यावर आमच्या दोघांत वाद चालला होता. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, पती-पत्नी, वय चाळिशीच्या पलीकडचे. राहायला नगरमध्ये, माळीवाड्याजवळच्या एका जुन्या घरात. (शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, बोलण्यात ते नगरच राहिले आहे.)

त्या प्रश्नानंतर कक्षात जी चर्चा झाली तीच या लेखाचे निमित्त आहे. अर्ध्या तासात दोन पक्ष पडले. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, जुने बोर्ड, जुनी बटणे काढून टाकावीत, काचेचे स्पर्शफलक बसवावेत, मोबाइलवरून दिवे चालवावेत आणि एकविसाव्या शतकात यावे. दुसरा पक्ष अर्थातच आमच्या विषयाचा. त्याचे म्हणणे असे की, हे सगळे चंगळवादाचे चाळे आहेत. समईच्या शांत प्रकाशाची सर या यंत्रांना येणार नाही. संस्कृती बटणावर चालत नसते. पहिला पक्ष भविष्याविषयी बोलत होता, दुसरा भूतकाळाविषयी. ज्या घरात आज माणसे राहतात, ज्या घराच्या भिंतीत तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या तारा आहेत, त्या घराविषयी मात्र कोणीच बोलत नव्हते. दोन्ही पक्षांतील एकानेही स्वतःच्या घरातला एकही बोर्ड कधी उघडून पाहिलेला नव्हता.

आमचे म्हणणे या दोन्ही पक्षांच्या विरुद्ध आहे आणि ते थोडक्यात असे: असलेल्या घरात नवे उपकरण आणणे हे टीका लिहिण्यासारखे काम आहे. 'टीका' हा शब्द आम्ही जुन्या अर्थाने, भाष्य या अर्थाने, वापरतो आहोत. टीकाकार आधी मूळ संहिता वाचतो, मग तिच्या पाठीशी उभा राहतो. मूळ पुसून स्वतः तिच्या जागी बसणारा, तसाच संहिता न वाचता तिच्या थोरवीचे गोडवे गाणारा, हे दोघेही आमच्या लेखी टीकाकार नव्हेत.

२

आधी आमची चूक सांगितली पाहिजे, कारण हा शहाणपणा पुस्तकातून आलेला नाही.

आमच्या घरात आई आहेत. एकाच्या आई, दुसरीच्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. पहाटे चारला उठून पोथी वाचण्याचा त्यांचा नेम. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर एक अडचण सुरू झाली. पहाटे उठून एकदम लख्ख दिवा लावला की डोळ्यांत तिडीक उठे. झिरोच्या दिव्यात अक्षर दिसत नसे. वाढत्या वयाच्या डोळ्याला वाचण्यासाठी प्रकाश अधिक लागतो आणि त्याच वेळी एकाएकी आलेला झगझगाट कमी सोसतो, हा पेच या वयाचे आईवडील घरात असणाऱ्यांना नवा नाही. म्हणजे हवा होता असा दिवा, जो उठल्याबरोबर मंद लागेल आणि पोथी उघडली की हळूहळू वाढवता येईल. गरज चंगळीची नव्हती, डोळ्यांची होती.

आम्ही काय केले? सुशिक्षित माणसे करतात तेच. जाहिरात पाहिली, चित्रफीत पाहिली आणि आईंच्या खोलीतला पाच बटणांचा जुना बोर्ड काढून तिथे काळ्या काचेचा स्पर्शफलक बसवून घेतला. कोणत्या कंपनीचा, हे सांगण्यात अर्थ नाही. दोष आमच्या वाचनाचा होता. पहिले आठ दिवस कौतुकात गेले. नवव्या की दहाव्या रात्री पावसात वीज गेली आणि तासाभराने आली. वीज आल्यावर फलक पूर्ववत झाला, दिवा मात्र बंद स्थितीतच राहिला. आई उठल्या, नेहमीच्या जागी हात नेला. तिथे नेहमीची बटणे नव्हती, गुळगुळीत काच होती. बटणावर बोट चाचपडू शकते. पहिले पंख्याचे, दुसरे दिव्याचे, असे मोजता येते, दाबेपर्यंत काही घडत नाही. काचेवर चाचपडणे हाच हुकूम ठरतो. पंखा बंद झाला, बाहेरच्या पडवीचा दिवा लागला, पुन्हा गेला, खोलीतला दिवा काही लागेना. मागे फिरताना उंबऱ्याला पाय अडखळून त्या बसत्या झाल्या. तळहात खरचटण्यावर निभावले. आम्ही धावत गेलो तेव्हा त्या जमिनीवर बसूनच म्हणाल्या, "अरे, माझ्याच घरात मला दिवा लावता येईना."

आमच्या लेखी या सगळ्या प्रकरणाचा सारांश या एका वाक्यात आहे. चाळीस वर्षे त्यांच्या हाताला ठाऊक असलेली जागा आम्ही एका दुपारीत पुसून टाकली होती. त्यांचा हात ती संहिता तोंडपाठ म्हणत होता आणि आम्ही, ज्यांनी आयुष्यभर संहितेच्या पावित्र्यावर व्याख्याने दिली, तिचे पानच फाडले होते.

३

मग आम्ही वाचायला बसलो. उशिरा का होईना, पण संहितेपासून. जे कळले ते येथे नोंदवतो, कारण ही माहिती मराठीत सलगपणे मिळवताना आम्हाला फार वणवण करावी लागली आणि आम्ही उघडलेल्या एकाही खोक्यात मराठीत छापलेला कागद नव्हता.

पहिली गोष्ट दिव्याची. जुन्या तारेच्या बल्बची वीज कमी केली की तो पिवळा होत होत विझे. त्याच्यात समजण्यासारखे दुसरे काही नव्हते. सेकंदाला पन्नास आवर्तने असलेल्या आपल्या विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, थोडा थोडा भाग कापायचा, हे साध्या डिमरचे काम. एलईडीचे तसे नाही. त्याच्या पोटात एक छोटे विद्युत-मंडळ असते आणि कापलेली लाट मिळाली तर काय करायचे हे त्याला शिकवलेले नसेल तर दिवा लुकलुकतो, गुणगुणतो किंवा लवकर मरतो. २०१५ पासून 'उजाला' योजनेतून ७ आणि ९ वॅटचे जे स्वस्त एलईडी दिवे घरोघर पोहोचले, त्यांनी विजेची मोठी बचत केली. पण ते मंद करण्यासाठी बनवलेले नव्हते. नळीच्या दिव्याचा चोकही नव्हता. म्हणून डिमर निवडण्याआधी दिवा निवडावा लागतो. खोक्यावर तो मंद करता येण्याजोगा असल्याचे लिहिलेले असले पाहिजे. शिवाय पुष्कळ डिमरांना काही किमान भार लागतो. साठ वॅटच्या बल्बाच्या हिशेबाने बनवलेल्या डिमरला ९ वॅटचा एकटा दिवा जोडला तर त्याला तो 'दिसत' नाही. लाटेचा शेवटचा भाग कापणारे डिमर एलईडीला अधिक मानवतात, सुरुवातीचा भाग कापणारे जुन्या पद्धतीचे डिमर कमी. ही चौकशी दुकानात उभ्या उभ्या करता येते. आम्ही केली नव्हती.

दुसरी गोष्ट तारेची. बटणात फेजची तार येते आणि तीच पुढे दिव्याकडे जाते. न्यूट्रल तार परस्पर दिव्यापाशी पोहोचलेली असते, बटणाला तिची गरज नसते. पण रेडिओ-संदेश ऐकत सतत जागे राहणाऱ्या मॉड्यूलला स्वतःसाठी थोडी वीज लागते आणि त्यासाठी बहुतेकांना न्यूट्रल हवी असते. न्यूट्रलवाचून चालणारी मॉड्यूलेही मिळतात. ती आपली वीज दिव्यामधूनच ओढतात, त्यामुळे लहान एलईडी बंद असतानाही अंधुक मिणमिणत राहतो आणि मग दिव्यापाशी आणखी एक पूरक तुकडा जोडावा लागतो. परदेशी माहितीपत्रकांत न्यूट्रलच्या या टंचाईची लांबलचक रडकथा असते. आपल्याकडे मात्र बोर्डावर बटणांशेजारी पाच अँपिअरचे सॉकेट ठेवण्याची रीत असल्यामुळे खोलीच्या मुख्य बोर्डात न्यूट्रल बहुधा सापडते. सापडत नाही ती जिन्याच्या दुहेरी बटणात आणि दाराजवळच्या सुट्या बटणात. प्राध्यापक-कक्षातला आमचा वाद नेमका हा होता आणि जिन्याच्या बाबतीत आमच्यापैकी जिचे म्हणणे खरे निघाले तिने ते अजून विसरू दिलेले नाही.

तिसरी गोष्ट पूर्वजांच्या पापांची. बटण फेजवर असले पाहिजे हा वायरिंगचा पहिला नियम. पण जुन्या घरांत, विशेषतः जिथे लाकडी पट्टीवरचे वायरिंग पुढे भिंतीत गाडले गेले आणि दर दिवाळीला कोणीतरी एखादा पॉइंट वाढवला, तिथे हा नियम मोडलेला आढळतो. बटण न्यूट्रलवर बसलेले असते. दिवा बंद दिसतो, होल्डर मात्र जिवंत असतो. कुठे एका खोलीने दुसरीची न्यूट्रल उसनी घेतलेली असते, कुठे अर्थिंगची हिरवी तार बोर्डापर्यंत येऊन मोकळी लोंबत असते. हे आधी दुरुस्त झाले पाहिजे, आणि ते परवानाधारक वायरमनकडून, मुख्य स्विच बंद करून. येथे हौस कामाची नाही.

चौथी गोष्ट आमच्या भागाची म्हणावी अशी. दोन हजारच्या दशकातल्या भारनियमनाने नगर जिल्ह्यात घरोघर इन्व्हर्टर आणले. दिवसाचे कितीतरी तास वीज नसण्याची ती वर्षे विद्यार्थ्यांना आता ऐकीव वाटतात; पण त्या वर्षांनी घराच्या तारा बदलल्या. प्रत्येक खोलीतला एखादा दिवा आणि पंखा इन्व्हर्टरच्या वेगळ्या फेजवर गेला. स्वस्त इन्व्हर्टरची लाट महावितरणच्या विजेसारखी गोल नसून चौकोनी असते. लाट कापून काम करणारा डिमर अशा चौकोनी लाटेवर बिथरतो. दिवा फडफडतो, मॉड्यूल घूं घूं करते. म्हणजे ज्या रात्री वीज जाते, त्याच रात्री हे उपकरण दगा देण्याचा संभव. परदेशात लिहिलेल्या कोणत्याही 'निवड कशी करावी' छाप लेखात हे वाक्य येणार नाही, कारण त्या लेखाच्या घरात इन्व्हर्टर नाही.

आणि पंखा. दिव्याचा डिमर पंख्याला जोडू नये, पंख्याला त्याचा रेग्युलेटरच हवा. आणि नव्या, कमी विजेच्या बीएलडीसी पंख्यांना तर तोही चालत नाही. हे एका ओळीत संपणारे ज्ञान आहे, पण आमच्या परिचयाच्या एका घरात त्यावाचून पंखा जळाला.

४

आता आमच्या स्वपक्षीयांकडे वळतो. समईचा पक्ष.

या पक्षाचे म्हणणे असे की, प्रकाशाच्या छटा जुन्या जगात होत्या, विजेने त्या मारल्या. यात तथ्य आहे, आणि ते आम्ही नाकारत नाही. मराठीत प्रकाशाला किती पायऱ्या आहेत! अंधुक, मिणमिणता, मंद, निवळ, लख्ख, झगझगीत. तिरीप वेगळी, कवडसा वेगळा. झुंजुमुंजू वेगळे, कातरवेळ वेगळी. कंदिलाची वात खाली-वर करणारी ती छोटी चकती हा आपल्या आजोळचा डिमरच होता. विजेचे बटण आले आणि 'लावणे' व 'बंद करणे' अशी दोनच क्रियापदे उरली; मधल्या सगळ्या पायऱ्या गेल्या.

पण हे सांगताना आपण दोन गोष्टी लपवतो. एक, ती वात खाली-वर कोण करत होते? काच कोण पुसत होते, काजळी कोण काढत होते, रॉकेलच्या रांगेत कोण उभे होते? त्या मंद प्रकाशात धान्य निवडून कोणाचे डोळे गेले? समईवर ललित निबंध लिहिणाऱ्यांच्या घरातही ती समई घासण्याचे काम निबंधकाराकडे क्वचितच असे. आमच्या आईंना कंदिलाविषयी विचारले तर त्या एकच सांगतात: "काच तडकायची, आणि बोलणी मला बसायची."

दुसरी लपवाछपवी अधिक गंभीर. आपण मधल्या पायऱ्या गेल्याचा शोक करतो, पण आपल्याच लोकांनी त्या कशा टिकवल्या याची दखल घेत नाही, कारण त्या टिकवणाऱ्या वस्तू आपल्याला साहित्यबाह्य वाटतात. झिरोचा दिवा घ्या. नाव शून्याचे, पण खर्च बारा-पंधरा वॅटचा. बाळंतिणीच्या खोलीत, देवघरात, आजाऱ्याच्या उशाशी मराठी माणसाने रात्रीचा मंद प्रकाश या लाल-हिरव्या दिव्यातून मिळवला. आमच्या लहानपणी कालव्याच्या पट्ट्यातल्या गावांत उसाचे पंप सुरू झाले की दाब उतरे आणि घरातला बल्ब निखाऱ्यासारखा होई, त्यावर गावभर एकच वाक्य असे, "लाइट डिम झाली." म्हणजे 'डिम' हा शब्द आपल्याकडे कोणत्याही माहितीपत्रकाने आणलेला नाही, तो विजेच्या टंचाईने आणला. नाटकाच्या पुस्तकात 'प्रकाश हळूहळू मंद होत जातो' ही रंगसूचना आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो. तो मंद कोण करतो, कोणत्या खटक्याने, हे एकाही विद्यार्थ्याने कधी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. पडद्याआड डिमरवर हात ठेवून बसलेला माणूस आमच्या नाट्यसमीक्षेत फारसा येत नाही.

आणि शेवटी काजवे. आमच्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात, भंडारदरा-कळसूबाईच्या परिसरात, पावसाळ्याच्या तोंडाशी झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. काजव्यांचा प्रकाश हा त्यांचा संवाद आहे; मोटारींचे दिवे आणि विजेऱ्या यांच्या झोतात तो तुटतो. त्यावर हळहळणारे लेखन मराठीत पुष्कळ होते आणि ते व्हावेच. परंतु हळहळून परत आल्यावर आपल्या अंगणातला पन्नास वॅटचा झोत रात्रभर तसाच ठेवणारे लेखकही आम्हाला माहीत आहेत. त्यांत एकेकाळी आम्हीही होतो. मंदपणाचे मूल्य कवितेत मान्य करायचे आणि घरातल्या बटणात ते आणण्याला चंगळ म्हणायचे, ही आपल्या साहित्यव्यवहाराची जुनी सवय आहे. मूल्य वर, वस्तू खाली. वस्तूला हात लावला की हात विटाळतो!

५

आता दुसरा पक्ष, काचेच्या फलकाचा.

त्यांच्या सर्व युक्तिवादाचा भार 'स्मार्ट' या एका विशेषणावर आहे. आम्हाला व्यवसायाने विशेषणांचा संशय आहे. हुशारी कोणाची आणि ती राहते कुठे, असे विचारले तर पुष्कळ उपकरणांच्या बाबतीत उत्तर असे येते की, हुशारी दूरच्या एखाद्या सर्व्हरवर राहते. आपण नगरमध्ये मोबाइलवर बोट ठेवतो, तो हुकूम इंटरनेटवरून कंपनीकडे जातो आणि तिथून परत येऊन चार हातांवरचा दिवा लावतो. कंपनी आहे तोवर ठीक. रिव्हॉल्व्ह नावाच्या घरगुती नियंत्रकाची सेवा मे २०१६ मध्ये मालक कंपनीने थांबवली आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेली यंत्रे निकामी झाली. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे सर्व्हर एकाएकी बंद पडले आणि कंपनीच्या नियंत्रकावर भिस्त ठेवणाऱ्यांची घरे मुकी झाली. पुढे काही ग्राहकांनीच पुढाकार घेऊन तो व्यवसाय विकत घेतला तेव्हा ती सेवा परत सुरू झाली. घर आपले, तार आपली, दिवा आपला आणि तो लावण्याचा अधिकार दुसऱ्याकडे गहाण. आईंचे ते वाक्य येथे पुन्हा आठवावे.

याला उपाय नाही असे नाही. घरातल्या घरात, इंटरनेटवाचून चालणारी उपकरणे मिळतात. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी बोलावीत म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मॅटर' नावाचे सामाईक मानक जाहीर झाले. त्याचा भर घरातल्या घरातच हुकूम पोहोचवण्यावर आहे. पण हे विचारावे लागते. दुकानात 'किती रंग दाखवतो' हे विचारणारे पुष्कळ. 'तुमची कंपनी उद्या बुडाली तर माझा दिवा लागेल का' हे विचारणारा विरळा.

याच पक्षाचा दुसरा आवडता उपाय म्हणजे स्मार्ट बल्ब. तारेला हात लावायचा नाही, फक्त दिवा बदलायचा. भाड्याच्या घरात, एकट्या माणसाला हे ठीकच आहे. पण अशा दिव्याची अट असते की भिंतीवरचे बटण कायम चालू ठेवायचे. ज्या घरात 'खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद कर' हा बाळकडूचा संस्कार आहे, तिथे ही अट दोन दिवसही टिकत नाही. आम्ही एका घरात बटणावर चिकटपट्टी लावलेली पाहिली. माणसाने यंत्रासाठी आपला हात बांधून घ्यायचा आणि हुशार म्हणायचे यंत्राला!

६

उरतो तो तिसरा मार्ग: असलेल्या बटणाच्या मागे, भिंतीतल्या पेटीत बसणारे छोटे मॉड्यूल. बाहेरून काही बदललेले दिसत नाही. बटण तिथेच, बोटाला ओळखीचे; मोबाइल असला तर असला, नसला तर नसला.

नेवासे आमच्याच जिल्ह्यात आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, तिथे गीतेवर जी मराठी टीका सांगितली गेली तिचे नाव 'भावार्थदीपिका'. दुर्गाबाई भागवतांच्या 'पैस'मुळे तिथला खांब मराठी वाचकांच्या मनात कायमचा उभा आहे. त्या ग्रंथाच्या थोरवीवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. एवढेच सांगायचे आहे की, मराठीच्या या आद्य टीकेने स्वतःला दिवा म्हटले, आणि दिव्याचे काम वस्तू दाखवण्याचे असते, वस्तूच्या जागी बसण्याचे नव्हे. पुढे जवळजवळ तीन शतकांनी, शके १५०६ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मूळ बाजूला सारून त्यांनी नवा ग्रंथ रचला नाही. शिरलेले अपपाठ काढले. नवे करण्याआधी असलेले शुद्ध करणे हा मराठी परंपरेतला मोठा धडा आहे, आणि तो आम्हाला एका वायरमनने शिकवला. आमचा बोर्ड उघडून तो म्हणाला, "सर, मॅडम, आधी ह्या जुन्या तारा नीट करू. मग तुमचं ते काय ते बसवू."

तसेच केले. उलट्या लागलेल्या दोन तारा सरळ झाल्या, अर्थिंग जोडले गेले. काचेचा फलक निघाला, पाच बटणे परत आली. आईंच्या पलंगाजवळचा दिवा मंद होण्याजोगा घेतला, तो इन्व्हर्टरच्या फेजवरून काढून मुख्य विजेवर घेतला आणि त्याच्या बटणामागे न्यूट्रलवर चालणारे डिमर मॉड्यूल बसवले. वीज जाईल त्या रात्रीसाठी झिरोच्या जागी एक छोटा एलईडी, साधा, इन्व्हर्टरवर. मॉड्यूलच्या मांडणीत वीज परत आल्यावर दिवा पूर्वीच्याच स्थितीत यावा असे ठरवून ठेवले. मंदपणाची खालची मर्यादा आईंनीच ठरवली: "एवढ्यात चष्मा सापडतो." एक तडजोड करावी लागली. दाबून धरल्यावर प्रकाश वाढावा म्हणून त्या एका जागी घंटीसारखे, दाबताच परत येणारे बटण बसवले. त्याची सवय व्हायला आईंना आठवडा लागला. जिन्याच्या दुहेरी बटणाला आम्ही हात लावला नाही. तिथे पेटी उथळ, तारांची गर्दी, न्यूट्रल नाही. मॉड्यूल गरम होते. त्याला हवा लागते. गच्च कोंबले तर घात. वाड्याच्या जाड भिंतीतून आणि लोखंडी पेटीतून रेडिओ-संदेशही धड बाहेर पडत नाही. जिथे टीका लिहिता येत नाही तिथे मूळ तसेच ठेवावे.

यावर कोणी म्हणेल की, हा काही हजारांचा खेळ आहे, जिल्ह्यातल्या किती घरांना परवडणार? आक्षेप रास्त आहे. आमचे उत्तर असे की, पुष्कळ घरांना याची गरजच नाही. एक मोठा आणि एक लहान असे दोन दिवे, दोन साधी बटणे, एवढ्यावर बहुतेकांचे भागते, आणि मूळ वाचल्यावर 'येथे टीकेची गरज नाही' असे कळणे हेही वाचनाचेच फळ आहे. पण ज्यांना गरज आहे, म्हाताऱ्या डोळ्यांना, आजाऱ्यांना, रात्रपाळीच्या घरांना, त्यांनी जाहिरात आणि निबंध या दोहोंच्या कचाट्यात का सापडावे?

आम्हा मराठीच्या अध्यापकांवर याची जबाबदारी येते असे आम्हाला वाटते. वस्तूंविषयी नेमके, पडताळलेले, वाचणाऱ्याच्या घराला लागू पडणारे गद्य लिहिणे हे साहित्यापेक्षा हलके काम आहे असे आपण गृहीत धरले, आणि म्हणून ती जागा जाहिरातीच्या भाषांतरित मराठीने घेतली. आता आपणच तक्रार करतो की भाषा बिघडली. विभागातल्या विद्यार्थ्यांना पुढच्या सत्रात आम्ही एक स्वाध्याय देणार आहोत: आपल्या घरातल्या एका वस्तूचे, ती आजीला वापरता येईल असे, दोन पानी मराठी माहितीपत्रक लिहा. आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांना तो वायरमनचा धंदा वाटला तर वाटो.

आई सध्या पहाटे चारला उठतात. बटण पहिल्याच प्रयत्नात सापडते.